नको ते खोडावे

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं रजाबाबू चौदा वर्षं स्वतःला सांगत आले होते. राहून गेलं म्हणणं सोपं असतं. छत्री राहून जाते, दूध आणायचं राहून जातं. पण ज्या पत्रासोबत उत्तराचं पोस्टकार्डही आलं होतं, ज्यावर पत्ता लिहिलेला होता, तिकीट चिकटवलेलं होतं आणि मजकुराच्या जागी फक्त एक रेघ मारायची बाकी होती, ते उत्तर राहून जात नाही. ते ठेवून दिलं जातं.

कार्डावर पत्र पाठवणाऱ्या बंबवाल्याने, म्हणजे आगीच्या बंबावरच्या जवानाने, आपल्या मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं: ‘त्या दिवशी मी तुम्हाला खिडकीतून घरात पाहिले / पाहिले नाही. नको ते खोडावे.’ खाली सहीसाठी आखलेली जागा. बस्स, एवढंच.

ते कार्ड आणि ते पत्र रजाबाबूंनी जाड शब्दकोशात घालून ठेवलं होतं. शब्दकोश रोज हाताशी असायचा. रजाबाबूंना वाचनाचा नाद, त्यामुळे शब्द अडायचे. पण ती दोन पानं ते उघडत नसत. त्या पानांवरचा शब्द अडला, तर अडलेलाच राहायचा.

रजाबाबू हे नाव त्यांना कचेरीने दिलं होतं. पोलीस आणि आगीचे बंब अशा दोन्ही खात्यांच्या रजा जिथे मंजूर होत, त्या कचेरीच्या रजा विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली. लग्नाचे चार दिवस आणि बायकोच्या शेवटच्या आजारपणातले नऊ दिवस सोडले, तर स्वतः कधी रजा घेतली नाही. हलवाई कुठे स्वतःची मिठाई खातो, असं लोक म्हणत. माणूस मुलखाचा लाजाळू. साहेबांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं, की घशाला कोरड पडायची. कागद समोर आला, की मात्र शब्द आपोआप रांगेत उभे राहत. म्हणून खात्यातले अवघड मसुदे त्यांच्या टेबलावर येत.

ड्युटीवर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत रजा, आणि ती त्याच्या स्वतःच्या रजेतून कापायची नाही, असा जुना नियम होता. त्याच्या सेवापुस्तकात ‘कर्तव्यावर जखमी’ हे शब्द चढत आणि ठाण्यातल्या लाकडी फळ्यावर त्याचं नाव रंगवलं जाई. नियम चांगला होता. पण एक पोलीस मोडलेला हात गळ्यात अडकवून मेहुण्याच्या लग्नात दोन तास नाचला, आणि त्याचा फोटो वरच्या साहेबांपर्यंत गेला. सुक्याबरोबर ओलंही जळतं. हुकूम निघाला, की जखमी कर्मचाऱ्याने सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात घरात असलंच पाहिजे, आणि कचेरीचा माणूस केव्हाही जाऊन खात्री करून येईल.

मसुदा अर्थातच रजाबाबूंचा. त्यातलं पाचवं कलम त्यांनी सात वेळा लिहून सात वेळा फाडलं होतं. आठव्यांदा जमलं: ‘तीन वेळा दार ठोठावूनही ते न उघडल्यास कर्मचारी घरी नाही असे समजावे.’ साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, याला म्हणतात वाक्य, मुंगी शिरायला जागा नाही. रजाबाबू आठवडाभर त्या शब्दांवर तरंगत होते. तपासणीचा तक्ताही त्यांनीच आखला. त्यात नाव, पत्ता आणि शेवटी ‘आढळले / आढळले नाहीत. नको ते खोडावे.’ दुखणं कोणतं, हा रकाना त्यांनी मुद्दाम ठेवला नव्हता. लोकांची दुखणी कागदावर घालून रस्त्याने कशाला मिरवायची, असा त्यांचा भिडस्त विचार. तेवढा विचार केला नसता तर बरं झालं असतं.

तपासणीला नवी माणसं मिळेपर्यंत पहिले दोन महिने साहेबांनी त्यांनाच पाठवलं. वाक्य तुमचं, पायही तुमचेच, म्हणाले. लोकांच्या दारात जायचं म्हणजे रजाबाबूंना फासावर जाण्यासारखं होतं. आणि लोकांनी पंधरा दिवसांत त्यांचं नवं बारसं केलं: दारठोक्या.

त्या दिवशी पहिलं घर एका पोलिसाचं होतं, पाय मोडलेल्या. त्याने दार उघडून सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “या दारठोके, आत या. पलंगाखालीही बघा. बायकोने मला तिथे लपवून ठेवलंय.” वरच्या-खालच्या मजल्यांवरची दारं उघडली, माणसं हसली. रजाबाबू तोंड लाल करून खाली उतरले, ते तसेच पुढच्या पत्त्यावर गेले.

तो पत्ता बंबवाल्याचा. गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर, हिरवं दार. त्यांनी घड्याळ बघून तीन वेळा ठोठावलं, प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबले. दार उघडलं नाही. शेजारच्या खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता. आत एक रुंद पाठीचा माणूस स्टुलावर बसून बुटाच्या तळव्याला टाके घालत होता. पाठ खिडकीकडे. दोऱ्याचा टाका ओढला, की त्याचं कोपर वर यायचं, पुन्हा खाली जायचं. दाराची कडी तीनदा वाजली तरी त्या कोपराची लय मोडली नव्हती.

काचेवर बोट वाजवता आलं असतं. ‘अहो’ म्हणता आलं असतं. पण रजाबाबूंच्या कानात अजून जिन्यातलं हसणं होतं. त्यांना वाटलं, हाही चेष्टाच करतोय. पहिला बोलून करतो, हा न बोलता. वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी एक बाई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. ते मागे सरले, तक्ता भिंतीवर टेकवला आणि ‘आढळले’ या शब्दावर रेघ मारली. रेघ नेहमीसारखी सरळ आली.

पुढचं सगळं कागदांनीच केलं. बंबवाल्याची रजा रद्द झाली, झालेले दिवस विनापरवाना गैरहजेरीत गेले, आठ दिवसांत कामावर हजर व्हायचा हुकूम निघाला. आणि विसाव्या दिवशी रजाबाबूंच्या घरच्या पत्त्यावर ते पत्र आलं.

पत्रात शिवी नव्हती. असती तर रजाबाबूंना सोपं गेलं असतं. बंबवाल्याने लिहिलं होतं, की रंगाच्या गोदामात डबे फुटले तेव्हा त्याचा डावा कान गेला. उजव्याने थोडं ऐकू येतं. डॉक्टरांनी त्यात कापूस घालून दोन महिने गोंगाटापासून लांब राहायला सांगितलं आहे. तुम्ही ठोठावलं असणार, मी नाही म्हणत नाही, पण मला ऐकू आलं नाही. वरच्या काकू म्हणतात, तुम्ही बराच वेळ खिडकीतून आत बघत होता. मी अपील केलं आहे. साहेब म्हणतात, घरी होतास याला साक्षीदार आण. काकूंनी तुम्हाला बघितलं, पण मला बघितलं ते फक्त तुम्ही. म्हणून सोबत कार्ड पाठवतो. तुमच्या सवयीचंच आहे, त्रास पडणार नाही.

त्या दिवशी रजाबाबूंनी पेन हातात घेतलं होतं. ‘पाहिले नाही’वर रेघ मारली, की तक्त्यावरची नोंद खोटी ठरत होती, आणि तक्त्याखाली सही त्यांची होती. आधी साहेबांना विचारू, असं ठरलं. साहेबांच्या दारापर्यंत दोनदा जाऊन ते पाणी पिऊन परत आले. मग उद्या लिहू. मग सोमवारी. तेवढ्यात अपील फेटाळल्याचा कागद त्यांच्याच टेबलावर पक्का करायला आला: ‘घरी उपस्थित असल्याचा साक्षीपुरावा नाही.’ त्यांनी तो सुवाच्य अक्षरात पक्का केला. अक्षर चांगलं असण्याचीही माणसाला लाज वाटू शकते, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

वर्षभराने कचेरीच्या जुन्या चपराशाने चहा पिता पिता सहज सांगितलं, की तो हिरव्या दारवाला बंबवाला आठवतोय ना, त्याचा दुसरा कानही गेला. आगीची वर्दी आली, की ठाण्यातला भोंगा नेमका त्याच्या डोक्यावर वाजायचा. आता त्याला अपात्र म्हणून घरी पाठवलंय. सेवापुस्तकात ‘कर्तव्यावर जखमी’ नाही, ‘अनधिकृत गैरहजेरी’ आहे. फळ्यावर नाव नाही. ठाण्यातल्या पोरांनी एकदा खडूने लिहिलं होतं, ते अधिकाऱ्याने पुसायला लावलं. रजाबाबूंनी चहा अर्धा ठेवला. चपराशी म्हणाला, साखर कमी झाली का.

निवृत्तीच्या दिवशी कचेरीने त्यांना एक ढाल दिली. ढालीवर कोरलं होतं: ‘अचूक नोंदींसाठी’.

आता निवृत्तीलाही नऊ वर्षं झाली होती. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला, पंधरवड्यातून एकदा घरी येणारा. घरात रजाबाबू आणि सूनबाई. सूनबाई पोलिसात हवालदार. रजाबाबूंच्या मुलाने तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली होती, पण सासरा-सुनेचं मेतकूट असं जमलं, की मुलगा स्वतःला पाहुणा म्हणवून घ्यायचा. ती तोंडाची तिखट, हे तोंडाचे बंद. तिचं बोलणं आणि यांचं ऐकणं, अशी वाटणी झाली होती. अलीकडे ऐकण्याचंही कठीण झालं होतं. रजाबाबूंच्या कानांनी वयाप्रमाणे माघार घेतली होती. मुलाने मशीन आणून दिलं होतं, पण वाचताना पंख्याचा आवाज मशीनमध्ये शिट्टी घालायचा, म्हणून पुस्तक उघडलं, की ते मशीन काढून चष्म्याच्या डबीत ठेवत.

महिन्यापूर्वी बंदोबस्तात गर्दी रेटली गेली आणि लोखंडी अडथळा सूनबाईच्या पायावर पडला. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर, सहा आठवडे पाय टेकायचा नाही. रजा मंजूर झाली, ड्युटीवर जखमी म्हणून.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला रजाबाबू पुढच्या खोलीत वाचत बसले होते. एकाएकी आतल्या दारात सूनबाई दिसली, एका पायावर, भिंतीला धरून, घामाघूम. काय बोलत होती ते कळेना. त्यांनी डबीतून मशीन काढून कानात घालेपर्यंत तिने दार उघडलं होतं, आणि रस्त्याच्या वळणावर एक स्कूटर दिसेनाशी होत होती. तिने तिथेच दारात बसकण मारली. म्हणाली, तीनदा बेल वाजली, बाबा. मी मागून तुम्हाला हाका मारल्या, मग त्याला ‘थांबा’ म्हणून ओरडले. खिडकी उघडी होती. त्याला ऐकू गेलं असणार.

तासाभरात तिच्या मोबाइलवर बंद दाराचा फोटो आला, आणि खाली ओळ: आपण घरी आढळला नाहीत. आताच्या तपासनिसांना तक्ता लागत नाही.

दुसऱ्या दिवशी कागद आला. रजा का रद्द करू नये याचा खुलासा तीन दिवसांत करावा. खाली नियमातलं कलम जसंच्या तसं उतरवलेलं होतं: ‘तीन वेळा दार ठोठावूनही ते न उघडल्यास कर्मचारी घरी नाही असे समजावे.’ रजाबाबूंनी ते वाचलं आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांची छाती फुगली. इतक्या वर्षांत वाक्यातला एक शब्दही कोणाला हलवता आला नव्हता. मग त्यांना स्वतःची इतकी किळस आली, की कागद त्यांनी सूनबाईच्या हातात उलटाच दिला.

तिच्यासाठी त्यांनी जबाब लिहून दिला. मी घरात होतो, मला कमी ऐकू येते, मशीन कानात नव्हते, सूनबाई मागच्या खोलीत अंथरुणावर होती, चूक माझी. दहा मिनिटांत लिहून, सही करून, पाकिटात घातला. सोमवारी उत्तर आलं: कुटुंबीयांचा जबाब ग्राह्य नाही. तपासनिसाने स्वतः नोंद दुरुस्त केल्यासच विचार होईल. अन्यथा येत्या सोमवारी कामावर हजर व्हावे.

सूनबाईने तो कागद दोनदा वाचून घडी घालून उशीखाली ठेवला. तिला रडताना रजाबाबूंनी कधी पाहिलं नव्हतं, आजही ती रडली नाही. तिने प्लास्टरवर बोटाने टकटक केलं.

“दुरुस्त कर म्हणे,” ती म्हणाली. “कोणता दारठोक्या स्वतःहून सांगायला येतो, बाबा, की मी चुकलो म्हणून?”

मशीन कानात होतं. ते नाव रजाबाबूंना स्वच्छ ऐकू आलं.

त्यांनी विचारलं, हा शब्द तू कुठे ऐकलास. ती म्हणाली, सगळेच म्हणतात, तपासणीवाल्याला दारठोक्याच म्हणतात, पहिला कोण होता कोणास ठाऊक. रजाबाबू उठले, पाणी प्यायले, परत येऊन बसले. पुन्हा उठले आणि शब्दकोश घेऊन आले. मग जे चौदा वर्षं बायकोच्या फोटोलाही सांगितलं नव्हतं, ते त्यांनी सुनेला सांगितलं. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या प्लास्टरकडे बघत होते. जिन्यातलं हसणं, खिडकी, वर-खाली होणारं कोपर, रेघ. अपिलाचा कागद आणि त्याचं सुवाच्य अक्षर. भोंगा.

सूनबाईने कार्ड हातात घेऊन उलटसुलट बघितलं. कार्ड पिवळं पडलं होतं. शब्दकोशाच्या दोन्ही पानांवर त्याच्या आकाराचा डाग उमटला होता.

“माझ्यासाठी दहा मिनिटं लागली,” ती म्हणाली. “त्यांच्यासाठी चौदा वर्षं.”

रजाबाबूंनी शब्दकोश मिटला. तिने विचारलं, की आता लिहून तरी काय उपयोग, प्रकरण कधीच बंद झालं असेल. इथे रजाबाबूंनी मान खाली घातली. कारण सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगायची राहिली होती, आणि तीही राहिलेली नव्हती, ठेवलेली होती.

“अकरावं कलम आहे,” ते म्हणाले. “नवा पुरावा आला तर प्रकरण केव्हाही उघडता येतं. ‘केव्हाही’ हा शब्द मीच घातला होता.”

“हे त्यांना माहीत आहे?”

“नाही. फेटाळल्याच्या कागदावर ते लिहायची पद्धत नव्हती.”

सूनबाईने डोळे मिटून घेतले. म्हणाली, म्हणजे दार उघडंच होतं, आणि किल्ली तुम्ही खिशात घालून फिरत होता. मग पोलिसाच्या आवाजात तिने त्यांना पुढचं समजावलं. खोटी नोंद केली असं लेखी देताय. चौकशी लागेल. पेन्शनला हात लागू शकतो, वर्तमानपत्रात नाव येऊ शकतं. शेजारचे विचारतील. ढाल परत मागणार नाहीत एवढंच. रजाबाबू म्हणाले, माहीत आहे. ते त्यांना चौदा वर्षं माहीत होतं. म्हणून तर.

त्या दुपारी ते जबाब लिहायला बसले. पहिला मसुदा पाच पानांचा झाला. त्यात तत्कालीन परिस्थिती होती, मनुष्यबळाची कमतरता होती, आपला मूळचा स्वभाव होता, आणि दुसऱ्या पानाच्या शेवटी कुठेतरी एक खिडकी होती. सूनबाईने तो वाचला.

“हा जबाब आहे की प्रस्तावना?” तिने विचारलं. “आम्ही संशयिताला विचारतो, तिथे होतास का. तो हवामान सांगायला लागला, की समजतो, होता.”

दुसरा मसुदा दीड पानाचा झाला. त्यात रजाबाबूंनी स्वतःला इतकी दूषणं दिली होती, की सूनबाई म्हणाली, यात बंबवाला कुठे आहे, इथे तर तुम्हीच तुम्ही आहात. हे त्यांना लागलं, कारण खरं होतं. आयुष्यभर आपल्या लाजेला ते नम्रपणा समजत आले होते. लाजेतही माणूस स्वतःकडेच बघत असतो, हे कोणत्याच पुस्तकाने त्यांना सांगितलं नव्हतं; किंवा सांगितलंही असेल, नेमक्या त्या दोन पानांवर.

तिसरा मसुदा शनिवारी झाला, चार ओळींचा. तारीख, वेळ, पत्ता. मी तीन वेळा ठोठावले. त्यानंतर खिडकीतून कर्मचाऱ्यास घरात बसलेले पाहिले. तरीही ‘आढळले’ हा शब्द खोडला. नोंद खोटी आहे व ती मी केली आहे. अकराव्या कलमाप्रमाणे प्रकरण पुन्हा उघडावे. सही, हुद्दा, निवृत्त.

मग कार्ड. रजाबाबूंनी ते पाकिटात घालायला घेतलं. सूनबाईने विचारलं, पाकीट कशाला. ते म्हणाले, उघडं कार्ड, पोस्टमन वाचेल, वाटेत कोणीही वाचेल. ती म्हणाली, त्यांच्या सेवापुस्तकातलं किती लोकांनी वाचलं असेल? रजाबाबूंनी पाकीट खाली ठेवलं. टेबलावर पट्टी होती, ती न घेता त्यांनी ‘पाहिले नाही’वर रेघ मारली. रेघ वाकडी आली. मोकळ्या जागेत बारीक अक्षरात अकरावं कलम लिहिलं आणि सही केली. आणखी काही लिहावं म्हणून पेन बराच वेळ कार्डावर धरलं, पण ‘क्षमा’ शब्द त्यांना त्या कार्डापुढे फार स्वस्त वाटला.

सोमवारी सकाळी खात्याची गाडी सूनबाईला न्यायला आली. प्लास्टरचा पाय धरून दोन सहकाऱ्यांनी तिला उचलून गाडीत बसवलं. ती त्यांना म्हणाली, नीट धरा रे, सरकारी माल आहे. दोघं हसले. गाडी सुटताना तिने रजाबाबूंकडे बघितलं आणि बोटाने हवेत एक चौकोन काढला, पोस्टकार्डाएवढा.

पोस्टात जबाबाचं पाकीट त्यांनी रजिस्टर केलं. खिडकीतल्या बाईने पावती दिली. कार्ड पुढे केलं तेव्हा तिने ते उलटंपालटं करून सरळ सरळ वाचलं, मग वर बघून म्हणाली, की आजोबा, हे तिकीट बाबा आदमच्या काळातलं आहे, वर अजून एक लावा. आणि हा माणूस राहतो का अजून तिथे? एवढ्या वर्षांत लोक घरं बदलतात.

हे रजाबाबूंच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी तिकीट लावलं, कार्ड शर्टाच्या खिशात घातलं आणि पायी निघाले.

गल्ली तीच होती. टोकाचं दार आता निळं होतं. दाराला छोटं भोक पाडून त्यातून एक दोरी बाहेर काढलेली, दोरीच्या टोकाला लाकडी कडं, आणि वर त्याच शाळकरी अक्षरात रंगवलेलं: ‘ठोठावू नका. दोरी ओढा. आत दिवा लागतो.’ कडं लोकांच्या हातांनी गुळगुळीत झालं होतं. दूधवाला, शेजारी, मीटरवाला, सगळ्यांना ते जमत होतं तर.

रजाबाबूंनी कडं हातात धरलं. कार्ड खिशात होतं. ओढलं असतं तर दिवा लागला असता, दार उघडलं असतं, कार्ड हातात दिलं असतं. त्यांनी कडं सोडलं, ते हळूच दारावर आपटलं, आणि त्या आवाजाने तेच दचकले.

मग ते खिडकीकडे वळले. पडदा नव्हताच. आत तोच माणूस होता, केस सगळे पांढरे. स्टूल तेच असावं, पण जागा बदललेली. आता तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. समोर कोणी येऊन उभं राहिलं तर दिसायलाच हवं, असा. हातात कोणाची तरी चप्पल, तळव्यात सुई. त्याने वर पाहिलं आणि दोघांची नजरानजर झाली.

बंबवाल्याने ओळखलं नाही. त्याने त्यांना पाहिलंच कधी होतं? त्या दिवशी त्याची पाठ होती. त्याने भुवया उंचावून हाताने विचारलं, कोण पाहिजे? रजाबाबूंचा हात खिशापर्यंत गेला. तिथेच थांबला. त्यांनी हात हलवून खूण केली, कोणी नाही, घर चुकलं. बंबवाल्याने मान डोलावली आणि टाका ओढला. कोपर वर आलं, खाली गेलं.

गल्लीच्या तोंडाशी लाल पेटी होती. रजाबाबू तिथपर्यंत गेले आणि पुन्हा एकदा पत्ता तपासला. पत्ता बरोबर होता. त्यांनी मागे वळून पाहिलं, तर निळं दार उघडलं होतं आणि बंबवाला उंबऱ्यात उभा होता. चप्पल एका हातात, दुसरा हात कपाळावर आडवा धरून तो त्यांच्याकडेच बघत होता, घर चुकलेला म्हातारा नीट मार्गी लागतोय की नाही, हे बघणाऱ्या माणसासारखा.

रजाबाबूंनी कार्ड फटीत घातलं. ते अर्ध्यावर अडकलं. त्यांनी दोन बोटांनी ते आत ढकललं, आणि आत पडल्याची खात्री करायला फटीत हात घालून पाहिला.